विश्लेषण : अमेरिकेत मधमाश्या मेल्या, तरी बदाम पिकला... मग किंमत कोणी मोजली?

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतील व्यावसायिक मधपाळांच्या निम्म्याहून अधिक मधमाश्या मेल्याचे उघड झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील बदामाचे पीक आदल्या वर्षीपेक्षा मोठे येईल, असा अंदाज तिथल्या कृषी खात्याने जाहीर केला. बदामाला तर मधमाशीशिवाय फळ धरत नाही. मग या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या कशा? कॅलिफोर्नियाच्या बदामाचा सर्वात मोठा परदेशी ग्राहक भारत आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुक्या मेव्याचा डबा आणि अमेरिकेतील मधपेट्या यांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला आहे.

नेमके काय घडले?

जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेतील मधपाळ हिवाळ्यात बंद ठेवलेल्या पेट्या उघडतात आणि त्या ट्रकवर चढवून कॅलिफोर्नियाकडे निघतात. २०२५ मध्ये अनेकांना पेट्या रिकाम्या किंवा मेलेल्या माश्यांनी भरलेल्या आढळल्या. ‘प्रोजेक्ट एपिस एम’ या संस्थेने घाईने केलेल्या पाहणीत व्यावसायिक मधपाळांचे सरासरी ६२ टक्के नुकसान झाल्याचे दिसले. जून २०२४ पासूनच्या आठ-नऊ महिन्यांत सुमारे १६ लाख वसाहती गेल्या. बुडालेले भाडे, हातचा गेलेला मध आणि नव्या माश्यांचा खर्च धरून नुकसान ६० कोटी डॉलरच्या घरात गेले. विद्यापीठे आणि मधपेटी निरीक्षकांच्या संघटनेने केलेल्या वार्षिक पाहणीतही वर्षभराचे नुकसान ५५ टक्क्यांच्या पुढे निघाले. ही पाहणी २०१०-११ पासून याच पद्धतीने होते. तेव्हापासूनचा हा सर्वात वाईट आकडा.

अमेरिकेत मधमाश्या मरणे ही नवी बातमी नाही. २००६-०७ च्या हिवाळ्यात पेट्यांमधून कामकरी माश्या अचानक नाहीशा होऊ लागल्या. राणी आणि अळ्या आत, बाकी घर ओस, असे ते चित्र होते. तेव्हापासून दर हिवाळ्यात पंचवीस-तीस टक्के वसाहती गमावणे हे तिथल्या मधपाळांनी धंद्याचा भाग म्हणून स्वीकारले आहे. साठ टक्के मात्र त्यांच्या हिशेबात बसणारे नव्हते.

बदामालाच इतक्या माश्या का लागतात?

जगातील सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो. तिथल्या मध्यवर्ती खोऱ्यात उत्पादन देणाऱ्या बागांचे क्षेत्र सुमारे १४ लाख एकर आहे. या झाडांची अडचण अशी, की बहुतेक वाणांचे फूल स्वतःच्याच वाणाच्या परागावर फळ धरत नाही. ‘नॉनपरेल’ हा बाजारात सर्वाधिक भाव मिळवणारा वाण लावला, तर त्याच्या शेजारच्या ओळीत ‘मॉन्टेरे’सारखा दुसरा वाण लावावाच लागतो आणि या ओळीतला पराग त्या ओळीत कोणीतरी नेऊन टाकावा लागतो. बदामाचा पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याचा उपयोग नाही. सगळी भिस्त माशीवर.

त्यात फुलोरा येतो फेब्रुवारीच्या मध्याला आणि टिकतो जेमतेम तीन-चार आठवडे. त्या थंडीत स्थानिक रानमाश्या फारशा बाहेर पडलेल्या नसतात. शेकडो एकरांच्या एकसलग बागेत त्यांना राहायला बांध-झुडपेही उरलेली नाहीत. म्हणून एकरी दोन पेट्या हा प्रघात पडला. गुणाकार केला तर गरज २८ लाखांच्या आसपास पेट्यांची निघते. अमेरिकेत मध देणाऱ्या वसाहतींची संख्याच २६-२७ लाखांच्या आसपास आहे. म्हणजे फ्लोरिडापासून डाकोटापर्यंतच्या बहुतेक व्यावसायिक मधमाश्या दर फेब्रुवारीत एकाच राज्याच्या एकाच खोऱ्यात जमतात. एका ट्रकवर ४०० हून अधिक पेट्या, वर जाळी, प्रवास शक्यतो न थांबता. ट्रक उभा राहिला की आतली उष्णता वाढते आणि माश्या गुदमरतात. माश्यांची इतकी मोठी हंगामी ने-आण जगात दुसरीकडे कुठेही होत नाही.

गमतीचा भाग असा, की यातले काहीच मूळचे तिथले नाही. बदाम आशियातून आलेला. एपिस मेलिफेरा ही मधमाशी सतराव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी जहाजातून नेलेली. आणि आज या माशीचा जीव घेणारा परजीवीही आशियातलाच.

माशीचे भाडे कोण, कसे ठरवते?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मधमाशी जुनी ओळखीची आहे. १९५२ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले) सफरचंदाची बाग आणि मधपाळ यांचे उदाहरण दिले. बागायतदाराने झाडे वाढवली तर शेजारच्या मधपाळाला फुकट मकरंद मिळतो. मधपाळाने पेट्या वाढवल्या तर बागायतदाराला फुकट परागीभवन मिळते. दोघेही एकमेकांना पैसे देत नाहीत, म्हणून समाजाला हव्या तितक्या बागा आणि हव्या तितक्या पेट्या होत नाहीत. अशा वेळी बाजार चुकतो आणि सरकारने अनुदान वा कर लावून तो दुरुस्त करावा, असे त्या उदाहरणाचे तात्पर्य.

उदाहरण सुबक होते, पण कोणी शेतावर जाऊन पाहिले नव्हते. १९७३ मध्ये स्टीव्हन च्युंग यांनी वॉशिंग्टन राज्यातील मधपाळ आणि बागायतदारांकडे चौकशी केली. तिथे पेट्यांच्या भाड्याचे तोंडी आणि लेखी करार कित्येक वर्षे बिनबोभाट चालू असल्याचे त्यांना दिसले. भाड्याची दिशाही पिकानुसार बदलत होती. ज्या पिकातून भरपूर मध मिळतो तिथे मधपाळच शेतमालकाला जागेचे भाडे देत होता, कधी पैशात तर कधी मधाच्या रूपात. जिथे मध मिळत नाही, पण पिकाला माशी हवी असते, तिथे बागायतदार मधपाळाला पैसे देत होता. शेजारच्याच्या माश्या आपल्या बागेत येतात, म्हणून आपण पेट्या आणायच्याच नाहीत, अशी फुकटेगिरी करणाऱ्याला गावात मान उरत नसे. प्रत्येकाने आपापल्या वाट्याच्या पेट्या ठेवायच्या, हा बागायतदारांमधला न लिहिलेला नियम होता.

बदामाचे भाडे सर्वात चढे का, याचे उत्तर याच सूत्रात आहे. बदामाच्या फुलाचा मध कडवट असतो, बाटलीत भरून विकण्यालायक नसतो. तो माश्यांनाच खायला ठेवतात. शिवाय मागणी सगळी एकाच महिन्यात आणि तीही अशा मोसमात, जेव्हा वसाहती वर्षातल्या सर्वात अशक्त अवस्थेत असतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात एका पेटीचे हंगामी भाडे ३५-४० डॉलरच्या आसपास होते. २००५-०६ मध्ये ते जवळपास दुप्पट होऊन १३० डॉलरपलीकडे गेले. बागांचे क्षेत्र झपाट्याने वाढत होते, माश्या तितक्या वेगाने वाढत नव्हत्या. आता ते २०० डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे १७ हजार रुपये. पेटी मोजून भाडे ठरत नाही. पेटीत माश्यांनी झाकलेल्या किती चौकटी आहेत, हे निरीक्षक झाकण उघडून पाहतो. सरासरी आठ चौकटी ही नेहमीची अट असते. कमी भरल्या तर पैसे कापले जातात, जास्त भरल्या तर काही करारांत बक्षिसी मिळते.

या भाड्याने मधपाळाचा धंदाच बदलून टाकला. अमेरिकी कृषी खात्याच्या अर्थविभागाच्या अभ्यासानुसार १९८८ मध्ये मधपाळांच्या उत्पन्नात परागीभवनाच्या भाड्याचा वाटा ११ टक्के होता. २०१६ मध्ये तो ४१ टक्के झाला. देशभर परागीभवनावर खर्च होणाऱ्या पैशांतला सिंहाचा वाटा एकट्या बदामाचा. मध हे आता अनेकांचे जोडउत्पादन आहे. अमेरिका स्वतःच्या गरजेचा बहुतांश मध आयात करते आणि पुरवठादारांत भारत आघाडीवर आहे. पंजाब, हरयाणा, राजस्थानातील मोहरीचा मध अमेरिकी कारखान्यांपर्यंत जातो. स्वस्त आयातीमुळे आपले दर पडतात, अशी तक्रार करून तिथल्या मधपाळांनी २०२२ मध्ये भारतासह काही देशांच्या मधावर प्रतिपाटन शुल्क लावून घेतले. थोडक्यात, तिथला मधपाळ मधावर हरला आणि माशीच्या मजुरीवर तगला.

भाडे वाढले तशा चोऱ्याही वाढल्या. फुलोऱ्याच्या आधी रात्रीतून बागेच्या कडेच्या शेकडो पेट्या उचलून नेल्याच्या तक्रारी कॅलिफोर्नियात दरवर्षी होतात. चोर साधा भुरटा नसतो. धुराडे आणि जाळी वापरता येणारा, धंद्यातलाच कोणीतरी असतो.

इतक्या मरूनही माश्या संपत कशा नाहीत?

‘माश्या नष्ट होत आहेत’ हा गेल्या वीस वर्षांतला लोकप्रिय मथळा. पाळीव मधमाशीच्या बाबतीत तो दिशाभूल करणारा आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात सुमारे ६० लाख वसाहती होत्या, त्या घटत घटत २००० च्या दशकात २४-२५ लाखांवर आल्या हे खरे. पण सर्वाधिक मृत्यूंच्या मागच्या वीस वर्षांत ही संख्या घटलेली नाही, थोडी वाढलीच आहे.

कारण मधमाशी हे पशुधन आहे. वसंतात सशक्त वसाहतीतल्या काही चौकटी नव्या पेटीत हलवायच्या, तीत बाजारातून आणलेली नवी राणी सोडायची, की एकाच्या दोन वसाहती होतात. राण्या तयार करून टपालाने पाठवणारे व्यावसायिक तिथे मोठ्या संख्येने आहेत. मागणी वाढली की ते उत्पादन वाढवतात. या सगळ्यामुळे हिवाळ्यात गेलेल्या माश्या उन्हाळ्यापर्यंत आकड्यांत तरी भरून निघतात.

पण भरून निघणे म्हणजे नुकसान न होणे नव्हे. विभाजन केलेल्या वसाहती त्या वर्षी मध कमी देतात. साखरेचा पाक, परागाचे पर्यायी खाद्य, औषधे, राण्या आणि मजुरी असा प्रत्येक पेटीमागचा खर्च वाढत जातो. काही जण तर हिवाळ्यात पेट्या आयडाहोतील बटाट्याच्या शीतगोदामांत भाडे भरून ठेवतात, जेणेकरून थंड अंधारात माश्या शांत राहाव्यात आणि कमी खाव्यात. तीस टक्के मरतील हे गृहीत धरून मधपाळ शरद ऋतूतच जास्तीच्या वसाहती तयार ठेवतो. साठ टक्के मेल्या की तो हिशेब कोलमडतो. फेब्रुवारीचे भाडे बुडाले की विभाजनासाठी लागणारा पैसाही नसतो आणि विभाजन करायला सशक्त वसाहतीही नसतात. मोठ्या कंपन्या कर्ज काढून उभ्या राहतात. दोन-तीन पिढ्यांचा धंदा असलेली कुटुंबे मात्र पेट्या विकून बाहेर पडतात. एकूण वसाहतींच्या आकड्यात ही गळती दिसत नाही, कारण त्यांच्या पेट्या दुसऱ्याच्या नावावर मोजल्या जातात.

मग माश्या मेल्या कशाने?

अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या व मरणासन्न वसाहतींचे नमुने तपासून जून २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. पंख वेडेवाकडे करणाऱ्या विषाणूचे दोन प्रकार आणि तीव्र पक्षाघाताचा विषाणू यांचे प्रमाण प्रचंड होते. हे विषाणू पसरवतो व्हरोआ नावाचा टाचणीच्या डोक्याएवढा परजीवी. गोचिडासारखा दिसणारा हा जीव माशीच्या अंगावर बसतो, तिच्या शरीरातील चरबीच्या ऊती खातो आणि अळ्यांच्या बंद कोठडीत अंडी घालतो.

व्हरोआ मूळचा आशियाई मधमाशीवरचा, म्हणजे आपल्या सातेरीवरचा. सातेरी त्याच्यासोबत हजारो वर्षे जगत आली आहे. ती अंगावरचा परजीवी झटकते, चावून काढते. शिवाय तिच्या वसाहतीत तो प्रामुख्याने नर माश्यांच्या कोठड्यांतच वाढतो, त्यामुळे कामकरी माश्या वाचतात. युरोपीय माशीला ही सवय नाही. माणसाने दोन्ही माश्या शेजारी शेजारी आणल्यावर परजीवीने उडी मारली आणि १९८७ मध्ये तो अमेरिकेत सापडला. ऑस्ट्रेलिया शेवटपर्यंत त्याच्यापासून मुक्त होता. जून २०२२ मध्ये तो न्यूकॅसल बंदरात आढळला, हजारो पेट्या नष्ट करण्यात आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या यंत्रणेनेही निर्मूलनाचा नाद सोडून दिला.

कीटकनाशके आणि उपासमार यांचाही यात वाटा आहे. डाकोटातील गवताळ कुरणे ही माश्यांची उन्हाळी चारा-छावणी. २००७ नंतर मका-सोयाबीनचे भाव चढले तसे तिथले पडीक कुरण नांगराखाली गेले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर बंद केला. अमेरिकेने तसे केलेले नाही. उपाशी आणि विषाचा अंश घेतलेली माशी विषाणूला लवकर बळी पडते. एकच गुन्हेगार शोधणाऱ्यांच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.

अमिट्राझचा धडा काय?

तपासातला सर्वात गंभीर भाग वेगळाच होता. शास्त्रज्ञांनी जे व्हरोआ गोळा केले, त्यापैकी जवळपास सर्वांत अमिट्राझ या औषधाला दाद न देण्याची जनुकीय खूण सापडली. अमिट्राझ महाराष्ट्रातील पशुपालकांच्याही परिचयाचे आहे, जनावरांच्या गोचिडांवर ते सर्रास वापरले जाते. अमेरिकी मधपाळांची गेल्या दशकभरातील मुख्य मदार त्याच्यावर होती. त्याआधी फ्लुव्हॅलिनेट आले आणि निकामी झाले, मग कौमाफॉस आले आणि तेही निकामी झाले. परजीवी टिकला आणि दर वेळी औषधच हरले.

इथे मीड यांचे जुने उदाहरण उलट्या बाजूने खरे ठरते. परागीभवनाची देवाणघेवाण करारात बसली, कारण माशीची मजुरी दिसते, मोजता येते. रोगाची देवाणघेवाण कोणत्याच करारात नाही. एखाद्या मधपाळाने औषधाची मात्रा वाढवली, वर्षातून दोनऐवजी सहा वेळा वापरले, तर त्याच्या पेट्या त्या वर्षी वाचतात आणि भाडे त्याच्या खिशात जाते. त्यातून तयार झालेला औषधाला न जुमानणारा परजीवी मात्र सगळ्यांचा होतो. आणि तो पसरण्यासाठी फेब्रुवारीतल्या कॅलिफोर्नियाइतकी सोयीची जागा नाही. देशभरातल्या पेट्या एकाच खोऱ्यात, माश्या एकमेकींच्या घरात शिरतात, कमकुवत पेटीतला मध लुटतात आणि परजीवी अंगावर घेऊन परततात. मार्चमध्ये ट्रक पुन्हा चारी दिशांना सुटतात. बदामाच्या भाड्यावर मधपाळ जगतो आणि त्याच बदामाच्या बागेतून रोग घरी नेतो. औषध जपून वापरणाऱ्याला त्याचे बक्षीस मिळत नाही, म्हणून जपून वापरणारे थोडे. हे सार्वजनिक विहिरीसारखे आहे. प्रत्येकाने मोटार मोठी बसवली की विहीर सगळ्यांचीच कोरडी पडते.

अशा ठिकाणी सरकारी संशोधनाचे मोल वाढते, कारण खासगी मधपाळ प्रतिकाराचा अभ्यास स्वतःच्या खर्चाने करणार नाही. विषाणू आणि अमिट्राझचे हे निष्कर्ष मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी मधमाशी प्रयोगशाळेतून आले. ते जाहीर झाल्यानंतर दोन महिनेही उलटले नसताना, जुलै २०२५ मध्ये, कृषी खात्याने खर्चकपातीच्या पुनर्रचनेत बेल्ट्सव्हिलचे संपूर्ण संशोधन केंद्र टप्प्याटप्प्याने बंद करण्याची योजना जाहीर केली. ६० कोटी डॉलरच्या नुकसानीचे कारण शोधणारी जागा वाचवलेल्या खर्चाच्या यादीत जावी, हा हिशेब चमत्कारिक आहे.

बदाम महाग का झाला नाही?

एकरी दोन पेट्या, पेटीला २०० डॉलर, म्हणजे एकरी ४०० डॉलर. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे २७३ कोटी पौंड बदामगर निघाला, म्हणजे एकरी जवळपास दोन हजार पौंड. त्यामुळे एका पौंडामागे माशीचे भाडे २० सेंट पडते. रुपयात सांगायचे तर किलोमागे अंदाजे ३८ रुपये. भाडे आणखी ५० डॉलरने वाढले, तरी किलोमागे नऊ-दहा रुपयांची भर. मुंबई-पुण्यात किलोला आठ-नऊशे रुपये मोजणाऱ्याला ती जाणवणार नाही. तुलनेसाठी, २०१९ मध्ये भारताने प्रत्युत्तरादाखल लावलेले अतिरिक्त शुल्क २०२३ मध्ये काढल्यानंतरही सोललेल्या अमेरिकी बदामावर किलोला १०० रुपये आणि कवचासहच्या बदामावर ३५ रुपये मूळ आयात शुल्क उरले होते. ज्या माशीशिवाय बदाम धरलाच नसता, तिच्या वाट्याला सोललेल्या बदामावरील सीमाशुल्काच्या निम्मेही येत नाही.

बागायतदाराला मात्र ते जाणवते. २०१४ च्या सुमारास त्याला पौंडाला चार डॉलर मिळत होते, तेव्हा २० सेंट म्हणजे पाच टक्के. २०२२ च्या पिकाला दीड डॉलरही मिळाला नाही, तेव्हा तेच भाडे चौदा टक्के झाले. म्हणून तिथे ‘इंडिपेंडन्स’सारख्या स्वफलित वाणांकडे ओढा वाढला आहे, ज्यांना एकरी एक किंवा त्याहूनही कमी पेटी पुरते. मधपाळाच्या दृष्टीने ही धोक्याची घंटा आहे. भाडे फार ताणले तर ग्राहक झाडच बदलतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत काही बागांना उशिरा आणि कमकुवत पेट्या मिळाल्या. पण एखाद्या बागेत आठऐवजी सहा चौकटींची पेटी आली म्हणून फळधारणा शून्यावर येत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत हवा चांगली असेल, तर कमी माश्याही बरेच काम उरकतात. जुलैत ३०० कोटी पौंडांचा अंदाज आला. तो फुगवलेला असल्याची कुरकुर व्यापाऱ्यांनी लगेच केली. तरी माश्यांअभावी पीक बुडाले, असे कोणीच म्हटले नाही. धक्का मधपाळाने सोसला आणि तो पुढे ग्राहकापर्यंत पोहोचलाच नाही.

महाराष्ट्राचा हिशेब वेगळा कसा?

महाराष्ट्रातही पेट्या भाड्याने घेतल्या जातात. डाळिंबाच्या बागेत, कलिंगड-खरबुजात, सूर्यफुलात आणि विशेषतः कांद्याच्या बीजोत्पादनात. खायच्या कांद्याला माशी लागत नाही. पण डोंगळ्यांवर माश्या फिरल्या नाहीत तर बी भरत नाही आणि पुढच्या वर्षी रोप कशाचे टाकायचे हा प्रश्न पडतो. केंद्राच्या ५०० कोटींच्या राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानात पेट्यांना प्रोत्साहन आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले.

तरी राज्यातील पिकांचे बहुतांश परागीभवन पेटीतली माशी करत नाही. ते काम कड्यावर आणि उंच झाडावर लोंबणारी आग्या माशी, झुडपातली फुलोरी, ढोलीतली सातेरी आणि मातीत बीळ करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या करतात. आग्या आणि फुलोरी पेटीत राहतच नाहीत. सातेरी राहते, पण पटले नाही तर घर सोडून जाते. या माश्यांचे भाडे कोणी देत नाही, त्यामुळे त्या कमी झाल्या तर भावही वाढत नाही. कॅलिफोर्नियात माश्या मेल्याचे पहिल्या आठवड्यात कळले, कारण करार मोडले. इथे मोडायला करारच नाही. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. तेव्हा मधाच्या सहकारी संस्था बसल्या, मधपाळ देशोधडीला लागले, हे नोंदले गेले. त्या वर्षांत कोणत्या पिकाचे किती बी कमी भरले, याचा हिशेब कोणी केला नाही. त्यानंतर देशात पेटीत पाळायची माशी म्हणून १९६० च्या दशकात पंजाबात रुजवलेली युरोपीय माशी अधिकच पसरली. म्हणजे व्हरोआला जी माशी सोसत नाही, तीच.

युरोपीय माशीच्या पेट्या आता हंगामानुसार राज्याराज्यांतून फिरतात. मोहरीला राजस्थान-हरयाणा, मग इतर फुलोरे. प्रमाण कॅलिफोर्नियाएवढे नसले, तरी रोगाच्या प्रवासाचा रस्ता तोच. मधुक्रांती पोर्टलवर पेट्यांची नोंदणी होते. पाण्याच्या टाकीखालचे आग्या माशीचे पोळे मात्र कीडनियंत्रणवाला येऊन फवारतो किंवा मधासाठी रात्री जाळले जाते, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी भर फुलोऱ्यात, तेही सकाळी माश्या कामावर असताना, फवारणी होते. संध्याकाळी उशिरा फवारले तर तेच औषध लागते आणि मजुरीही तेवढीच. फरक फक्त वेळेचा आहे. सेटिंग कमी झाले की डाळिंबाचा शेतकरी आधी पाणी तपासतो, मग खत, मग कृषी सेवा केंद्रातून टॉनिक आणतो. बागेत सकाळी नऊ वाजता किती माश्या होत्या, हा प्रश्न त्याला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. मोजायला मात्र त्याला पाच मिनिटे आणि एक फुललेले झाड पुरते.